नऊ फवाऱ्यांचे मालक

राहायला आल्याच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या घरमालकांनी माझ्या नऊ वाट्या नेल्या. सकाळी साडेसहाला दार वाजलं. उघडलं तर घरमालक काका उभे. खाकी हाफ पँट, कंपनीचा जुना निळा शर्ट आणि पायात लोखंडी टोकाचे बूट. "बाई, एका मापाच्या नऊ वाट्या द्या. आमच्याकडे सातच आहेत." मी अर्धवट झोपेत लग्नातला सेट काढून दिला. त्यांनी एकेक वाटी उलटी करून बघितली, बुडाला पोचा आलेली परत केली, दुसरी मागून घेतली आणि चालू पडले.

मी खिडकीतून बघत राहिले. काकांनी समोरच्या लॉनवर ठिकठिकाणी वाट्या मांडल्या. मग कुठलातरी कॉक फिरवला आणि गवतातून नऊ काळी तोंडं वर आली, फुर्र करून पाणी उडवायला लागली. घड्याळ लावून बरोबर दहा मिनिटांनी त्यांनी ते बंद केलं, गुडघ्यावर बसले आणि प्रत्येक वाटीत शाळेतली पट्टी बुडवून पाणी किती जमलं ते मोजलं. एका वाटीपाशी थांबले. "सात नंबर कमी देतोय," असं स्वतःशीच म्हणाले, पण अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. मग खिशातून दाभण आणि जुना टूथब्रश काढून त्यांनी त्या सात नंबरच्या फवाऱ्याचं तोंड साफ केलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाट्या मांडल्या. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, बाई गं, कुठे येऊन पडलो आपण!

आम्ही दिवा स्टेशनाजवळून आलेलो. तिथे तिसऱ्या मजल्यावर हंडे चढवून माझं कंबरडं मोडलेलं. नळ नावाची वस्तू भिंतीला होती, पण शोभेची. त्यामुळे डोंबिवली पूर्वेला बंगल्याच्या तळमजल्यावर दोन खोल्या आहेत, स्वयंपाकघरातल्या नळाला रोज दुपारी दीड तास पाणी येतं, दारासमोर गवत आहे, हे ऐकून मी घर न बघताच हो म्हटलेलं. एजंट फक्त एवढंच म्हणाला, "मालक जरा टेक्निकल आहेत, ताई." जरा!

काकांनी आमची रीतसर मुलाखत घेतली. गाव, नोकरी, मासे खाता का, असलं काही विचारलं नाही. चावी हातात धरून एकच प्रश्न केला, "तुम्ही घाबरता का?"

नवरा छाती काढून म्हणाला, "छे हो काका, आपण कुणाच्या बापाला घाबरत नाही."

काकांनी चावी परत खिशात घातली. मी पटकन पुढे होऊन म्हटलं, "मी घाबरते काका. खूप घाबरते. करंटला, कुत्र्याला, गॅसच्या वासाला, सगळ्याला."

"मग ठीक," ते म्हणाले आणि चावी माझ्या हातात दिली. "घाबरणारा माणूस दोनदा बघतो. यांना माझ्या कुठल्याही कॉकला हात लावू देऊ नका."

नवरा महिनाभर धुसफुसत होता. मी मात्र खोटं बोलले नव्हते. मी खरंच भित्री आहे, आणि त्या घरात शिरल्यापासून सगळ्यात जास्त भीती मला काकांचीच वाटायची.

ते वरच्या मजल्यावर एकटे राहायचे. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली, एकुलती एक मुलगी नाशिकला. एका केमिकल कंपनीत पस्तीस वर्षं फोरमन होते आणि रिटायर होताना कंपनीच घरी घेऊन आले असावेत. बंगल्याच्या सगळ्या पाइपांना रंग दिलेले. प्यायच्या पाण्याचा निळा, लॉनचा हिरवा, बोअरच्या मोटारीकडून येणारा पिवळा. प्रत्येक कॉकला तारेने पत्र्याची चकती बांधलेली आणि तिच्यावर सुबक अक्षरात 'विचारून उघडावा'. माझ्या बाथरूमच्या नळालासुद्धा चकती होती. मी ती पहिल्याच दिवशी काढली आणि संध्याकाळी घाबरून परत बांधली.

लॉन असेल चाळीस फूट बाय पंचवीस फूट. दोन्ही बाजूंना टॉवर उभे राहिलेले आणि मधे हा हिरवा तुकडा. त्यावर पाय ठेवायचा नाही. काका स्वतःसुद्धा कडेने मांडलेल्या फरश्यांवरून चालायचे. फवाऱ्यांभोवतीचं गवत मशीनने नीट कापलं जात नाही म्हणून ते पालथे पडून शिवणाच्या कात्रीने गोल कापायचे. एखादा फवारा मातीत दबला की तो खणून काढायचा, खाली खडी घालायची, लेव्हल लावून परत बसवायचा. दर रविवारी जाळ्या काढून बादलीत धुवायच्या. हे सगळं मोठमोठ्याने बोलत. "पाच नंबर, तिरका झालास. तीन नंबर, शाब्बास." माणसांशी इतकं प्रेमाने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. नाशिकच्या मुलीचा फोन आला तरी, "हां, सगळं ठीक, जेवलो, गोळी घेतली, ठेवतो," एवढं एका दमात बोलून ठेवूनसुद्धा द्यायचे. ती बिचारी पलीकडून काय म्हणायची कुणास ठाऊक.

आमची चिमी तेव्हा साडेचार वर्षांची. एका दुपारी ती चेंडूमागे धावली आणि चार नंबरच्या फवाऱ्यावर धपकन पडली. कट्ट असा आवाज आला. मी स्वयंपाकघरातून ऐकला आणि धावले. आता हा माणूस आपलं सामान रस्त्यावर टाकणार. मी बाहेर आले तोवर वरच्या खिडकीतून बघणारे काका जिना उतरत होते. त्यांनी मोडका फवारा उपटला, चिमीला पायरीवर बसवलं आणि तिच्यासमोर तो भाग भाग करून उघडला. "ही स्प्रिंग. ही जाळी. हे नाक, इथून पाणी येतं. काय मोडलं सांग बघू?"

"नाक," चिमी म्हणाली.

"बरोबर. आता नवीन नाक आपण दोघं बसवू. रडायचं नाही, आधी बघायचं."

चिमी त्यांना अजिबात घाबरत नव्हती. त्या दिवसानंतर ती 'आजोबा आजोबा' करत त्यांच्या मागे फरश्यांवरून फिरायची. माझा जीव मात्र टांगणीला. ती काहीतरी मोडेल, काहीतरी उघडेल, आणि आपण परत दिव्याला.

होळीच्या आसपास पाण्याची बोंब सुरू झाली की लोक फाटकाशी यायचे. एकदा समोरच्या बिल्डिंगमधल्या एक काकू तावातावाने म्हणाल्या, "आमच्याकडे टँकर आणतायत आणि तुम्ही गवताला आंघोळ घालताय! लाज वाटायला पाहिजे!" काका त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले. मग म्हणाले, "बोअरचं पाणी आहे. खारट आहे. धुण्याभांड्याला हवं असेल तर पाइप टाकून न्या. नेताना कॉकला हात लावू नका, मला सांगा." काकू वरमल्या. दुसऱ्या दिवसापासून चार घरं बादल्या घेऊन यायला लागली आणि काका फाटकाशी उभे राहून स्वतः कॉक उघडायचे, स्वतः बंद करायचे.

पण त्या वर्षी बोअर लवकर आटली. मोटार नुसती घरघर करायची. मग काकांनी दरवर्षी उन्हाळ्यात करायचे तेच केलं, लॉनची हिरवी लाइन नळाच्या निळ्या लाइनला जोडली. दोन्हींच्या मधे, माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीलगत, लोखंडी झाकणाखालच्या खड्ड्यात एक पितळी व्हॉल्व होता. पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा. आत झडप असते, काका सांगायचे. नळाचं पाणी लॉनकडे जायला लागलं की ती उघडते, पाणी उलटं यायला लागलं की मिटते.

"उलटं कशाला येईल पाणी?" मी एकदा विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, विचारायलाच नको होतं. "या गल्लीत घरटी एक मोटार आहे, बाई. नळाला पाणी आलं की सगळे थेट लाइनला मोटारी लावून खेचतात. खेचताना आपल्या पाइपातलं पाणीसुद्धा मागे ओढलं जातं. लॉनच्या लाइनमध्ये खत असतं, औषध असतं, माती असते. ही झडप मिटली नाही तर ते सगळं तुमच्या नळात."

मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. कंपनीत त्यांच्या शिफ्टला अशीच एक झडप मिटली नव्हती. एका टाकीतलं दुसऱ्या टाकीत गेलं. तिथे एक माणूस काम करत होता. "त्याचा डबा मी त्याच्या घरी नेऊन दिला," एवढंच ते म्हणाले. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

म्हणून रोज संध्याकाळी एक विधी असायचा. नळाचं पाणी साडेपाचला जायचं. काका पाच वाजून पंचवीस मिनिटांनी झाकण उघडून पालथे पडायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक व्हॉल्ववर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे घड्याळावर. पाणी गेलं की झडप पडते आणि आत 'टक' होतं. तो आवाज स्क्रूड्रायव्हरमधून ऐकू येतो. मी पण एकदा ऐकलाय, अगदी स्पष्ट. मग काका उठायचे, गुडघे झटकायचे आणि वरून झाकण लावत जाहीर करायचे, "बसला!" ते ऐकलं की मीसुद्धा निवांत व्हायची.

आता जे सांगायचंय ते मी नवऱ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

होळीनंतरच्याच आठवड्यात चिमी मला म्हणाली, "आई, आजोबांना मागून बोललं की ऐकू येत नाही."

"गप गं. काहीतरीच."

"खरंच. मी त्यांना मागून माकड म्हटलं. तीन वेळा."

मी तिला रागावले. पण मनात किडा वळवळायला लागला. दुसऱ्या दिवशी काका लॉनच्या कडेला पाठमोरे बसलेले असताना मी मुद्दाम स्टीलचं ताट फरशीवर टाकलं. त्या आवाजाने पलीकडच्या झाडावरचे कावळे उडाले. काका हलले नाहीत. कात्रीने गवत कापत राहिले.

आणि मग त्याच संध्याकाळी ते झालं. नळाचं पाणी त्या दिवशी कधी नव्हे ते लांबलं. साडेपाच वाजून गेले तरी माझ्या नळाला धो धो धार. मी हंडा भरत होते आणि खिडकीतून काका दिसत होते, पालथे, कानाला स्क्रूड्रायव्हर. त्यांनी घड्याळ बघितलं. उठले. गुडघे झटकले. "बसला!" म्हणाले. "आज अगदी खणखणीत बसला."

माझ्या हातात भरता हंडा आणि समोर वाहता नळ. पाणी गेलेलंच नाही तर झडप पडेल कशी? म्हणजे हा माणूस ऐकतच नाही. नुसतं घड्याळ बघतो. कधीपासून? देवालाच माहीत.

नवरा ठाण्याहून आला तेव्हा मी त्याला सांगितलं. त्याने बूट काढता काढता विचार केला आणि म्हणाला, "आपण कशाला बोलायचं? बोललो तर एक तर ते चिडतील आणि आपल्याला काढतील. नाहीतर त्यांच्या मुलीला कळेल, ती त्यांना नाशिकला नेईल, बंगला बिल्डरला जाईल. दोन्हीकडून आपणच बाहेर."

"पण ती झडप?"

"अगं, इतकी वर्षं काय झालंय? जाळ्या तर दर रविवारी साफ करतात ना ते."

मला हेच ऐकायचं होतं, खोटं कशाला बोलू? मी दिव्याचा जिना आठवला आणि गप्प बसले. दोन-तीनदा धीर करून त्यांच्यासमोर गेलेसुद्धा. "काय?" ते करड्या आवाजात विचारायचे, आणि मी, "काही नाही काका, लिंबं हवीत का?" असं काहीतरी बोलून परत यायची. माणसाच्या तोंडावर 'तुम्ही बहिरे झालात' म्हणायचं कसं? आणि तेही यांच्या तोंडावर!

मे महिन्यात लॉनला हुमणी लागली. गवत मुळापासून खाणारी पांढरी अळी. पिवळे डाग पडले आणि काका दोन दिवस जेवले नाहीत असं वाटलं मला, इतके खंगलेले दिसले. मग औषधाचा डबा आणला. एका मंगळवारी सकाळी घरोघर, म्हणजे आमच्याच घरी, येऊन बजावलं, "आज चार वाजता फवाऱ्यांतून औषध सोडणार आहे. मुलीला बाहेर सोडू नका. खिडक्या बंद." मी चिमीला शेजारच्या बिल्डिंगमध्ये तिच्या मैत्रिणीकडे पाठवून दिलं. खिडक्या लावल्या. कड्या दोनदा बघितल्या. नळ मला आठवलाच नाही.

चारला पाणी आलं. बाहेर फवारे सुरू झाल्याचा आवाज आला. मी कळशी लावली. ती अर्धी भरली आणि नळ खाकरला, थुंकला, बंद पडला. गल्लीत मोटारी सुरू झाल्या की होतं तसं. पाच मिनिटांनी परत धार लागली, पण पांढरी. आता आमच्याकडे नळाचं पाणी पांढरं येणं यात कुणाला काही वाटत नाही. लाइनमध्ये हवा असते, नाहीतर क्लोरीन जास्त पडलेलं असतं. कळशी थोडा वेळ ठेवली की निवळतं. वास होता जरासा, पण तोही असतोच. मी पेला भरून ओट्यावर ठेवला.

तेवढ्यात चिमी परत आली. मैत्रीण झोपली म्हणून तिच्या आईने आणून सोडलं. तोंड लालबुंद. "आई, पाणी."

मी तोच पेला तिच्या हातात दिला. निवळला होता का? मी बघितलं नाही. एकदासुद्धा बघितलं नाही.

तिने दोन घोट घेतले आणि तोंड वेडंवाकडं केलं. "शी, कडू आहे."

"नाटकं नकोत हं चिमे. पी गुपचूप. दिव्याला असतीस म्हणजे कळलं असतं पाणी काय ते."

आणि ती शहाण्यासारखी प्यायली. माझ्या धाकाने. अर्धा पेला.

मी कळशीकडे बघितलं. पाणी अजून पांढरंच होतं. खालपासून वरपर्यंत, पातळ ताकासारखं. मी वाकून वास घेतला आणि माझ्या कानात काहीतरी वाजायला लागलं. त्याच क्षणी दारावर दोन्ही मुठी आपटल्या.

"नळ बंद करा! नळ बंद!" काका दारात. शर्ट भिजलेला, एका पायात बूट नाही. नंतर कळलं, ते लॉनच्या लाइनला जोडलेल्या औषधाच्या ड्रमपाशी उभे होते. मोटारी सुरू झाल्या तसे फवारे खाली बसले, लॉनवर थेंब पडत नव्हता, आणि थोड्या वेळाने ड्रममध्ये डोकावले तर औषध तरीही भराभर उतरत होतं. ते कुठे चाललंय हे समजायला त्यांना एक क्षणही लागला नाही. "पाणी कोण प्यायलं?"

मी चिमीकडे बोट दाखवलं.

त्यांनी पेला उचलला, हुंगला. "हा भरलेला होता? कुठपर्यंत प्यायली?" मी खूण दाखवली. त्यांनी खिशातल्या पेन्सिलीने पेल्यावर रेघ मारली, उरलेलं पाणी तसंच ठेवून वर बशी झाकली, दुसऱ्या हातात औषधाचा डबा घेतला. "रिक्षा," ते म्हणाले. "चला."

रिक्षात चिमी माझ्या मांडीवर. तिला मळमळत होतं आणि तोंडातून लाळ गळत होती. मी "देवा, देवा" एवढंच म्हणत होते. काका पेला धरून बसले होते आणि त्यांचा हात इतका थरथरत होता की बशी पेल्यावर किटकिट वाजत होती. तो आवाज मला ऐकू येत होता. त्यांना येत नव्हता.

मुलांच्या दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती, तोंडावर मास्क. तिने चिमीच्या डोळ्यांत बॅटरी मारून बाहुल्या बघितल्या, डब्यावरचं नाव वाचलं आणि काकांकडे वळली. "आजोबा, हे किती पाण्यात किती टाकलं होतं?"

"चार वाजून वीस मिनिटांनी," काका म्हणाले.

"वेळ नाही, प्रमाण. किती औषध, किती पाणी?"

"हो, हाच डबा."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. "हे घाबरलेत. तुम्हाला माहितीये का प्रमाण? याच्यावर मी इंजेक्शन देणार, ते किती द्यायचं ते त्यावर ठरतं. कमी पडलं तरी वाईट आणि जास्त झालं तरी लहान मुलाला झेपत नाही. नसेल माहीत तर मला अंदाजाने द्यावं लागेल."

काका तिच्या मास्ककडे बघत होते. डोळे फाडून बघत होते. ओठ दिसत नव्हते आणि ते हरले होते. मला कळत होतं, तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांत मला एकटीला कळत होतं. अडीच महिने गिळलेलं ते वाक्य मी एकदाचं बाहेर टाकलं.

"डॉक्टर, यांना ऐकू येत नाही. मास्क काढा."

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना शब्द कळले नसतील, पण काय झालं ते कळलं. चेहरा एकदम उतरला. डॉक्टरने मास्क खाली ओढून सावकाश परत विचारलं, आणि काका परीक्षेला उभ्या राहिलेल्या मुलासारखे हात सरळ सोडून बोलायला लागले. पन्नास लिटरच्या ड्रमला या डब्याची दोन झाकणं, सपाट भरून. ड्रम एक तृतीयांश उतरलेला. लाइनमध्ये आधीचं साधं पाणी एवढं, म्हणजे नळापर्यंत येताना इतकं पातळ झालेलं. मुलगी या रेघेपर्यंत प्यायली, म्हणजे पाऊण वाटी. चार वाजून बत्तीस मिनिटांनी. एकदाही अडखळले नाहीत. डॉक्टर लिहून घेत होती आणि तिच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला दिसला. "खूपच थोडं गेलंय," ती म्हणाली. "बरं झालं नीट सांगितलंत. नाहीतर मी बरंच जास्त दिलं असतं."

मी तिथेच जमिनीवर बसले आणि हमसाहमशी रडले.

तिसऱ्या दिवशी चिमीला घरी आणलं. उतरलेली होती, पण बडबड सुरू झालेली. लॉनवर सगळे नऊ फवारे उपटून ओळीने ठेवलेले होते. निळ्या आणि हिरव्या पाइपाचा जोड करवतीने कापून दोन्ही तोंडांना टोप्या बसवलेल्या. व्हॉल्व फोडून पायरीवर ठेवला होता. झडपेत गवताची एक काडी अडकलेली. एवढीशी, नखाएवढी.

संध्याकाळी काका खाली आले. आत या म्हटलं तर आले नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. नवरा माझ्या मागे उभा होता. चिमी आत पलंगावर.

"तीन वर्षं झाली," ते म्हणाले. आवाज पहिल्यांदाच खाली होता. "कंपनीतल्या मशीनांनी कान खाल्ले. मी कुणाला सांगितलं नाही. मुलगी घेऊन गेली असती. तिच्या पाचव्या मजल्यावर मी काय करणार होतो? लोकांना सांगत फिरलो घाबरा म्हणून, आणि स्वतः नको त्या गोष्टीला घाबरलो. आज तिला फोन करून सांगितलं सगळं. रविवारी न्यायला ये म्हटलं. घर तुम्ही सवडीने शोधा, घाई नाही."

मी नुसती मान हलवली.

"एकच विचारायचं होतं." ते अर्धं पाऊल पुढे आले. त्यांची नजर माझ्या ओठांवर खिळलेली. "तुम्हाला केव्हा कळलं? मला ऐकू येत नाही ते?"

मागून नवऱ्याचा श्वास थांबलेला मला जाणवला. बोल, मी मनात म्हटलं. आता काय राहिलंय घाबरायला? घर गेलंच आहे. हा माणूस रविवारी जाणार आहे. आता तरी बोल.

"दवाखान्यात," मी म्हटलं. ओठ नीट हलवून, सावकाश. "त्याच दिवशी कळलं, काका."

त्यांनी माझे शब्द वाचले. दोनदा मान हलवली. "म्हणजे आधी कुणालाच माहीत नव्हतं," ते म्हणाले. "मग चूक माझ्या एकट्याची. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." आणि त्या माणसाने मला हात जोडले. मग वळून जिन्याकडे चालायला लागले.

"आई," पलंगावरून चिमी मोठ्याने म्हणाली, "मी तुला सांगितलेलं ना पण, होळीला? आजोबांना ऐकू येत नाही म्हणून?"

मी धावत जाऊन तिच्या तोंडावर हात दाबला. घट्ट दाबून धरला. काका आपले एकेक पायरी वर चढत होते. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.